तिसरी गाठ

आटपाडी,
ता. ३० ऑगस्ट १९४९

तीर्थस्वरूप सौ. अंबूकाकीच्या चरणी हंबीररावाचा शि. सा. न. वि. वि.

आठ वर्षांनी माझे अक्षर तुझ्या घरात येत आहे. तुला अक्षर ओळखता येते, वाचता येत नाही, हे मी विसरलेलो नाही. म्हणजे हे पत्र आबांनाच वाचून दाखवावे लागणार. त्यांना माझ्या वतीने सांग, की वाचणाऱ्याने नुसते वाचावे, मजकुराशी त्यांचा संबंध नाही. एक्केचाळीस साली पाटणच्या चावडीपुढे भर सभेत ते म्हणाले होते, की जो पोरगा इंग्रजाच्या पलटणीत नाव घालील त्याचे तोंड मी पाहणार नाही, मग तो माझ्या घरात वाढलेला सख्खा पुतण्या का असेना. त्यांचा तो शब्द मीच आजवर पाळला आहे. तोंड घेऊन त्यांच्यापुढे आलो नाही. पत्राला तोंड नसते, म्हणून लिहितो.

गेल्या महिन्यापासून इथे गुराढोरांना आणि मेंढरांना लस टोचण्याची नोकरी लागली आहे. नानासो नावाच्या धनगराच्या वस्तीवर एक खोली घेऊन राहतो. त्याची आई हरणाबाई मला दोन वेळा जेवायला घालते आणि तीन वेळा रागावते. सांगलीहून सर्व्हिस मोटारीने लस आणि बर्फ येतो. तो थर्मासमध्ये भरून मला वाड्यावस्त्यांवर न्यावा लागतो. लस बर्फात राहिली तर लस, नाहीतर नुसते पाणी.

आता माझ्या पायाची गोष्ट. इटलीत एका नदीकाठी डाव्या गुडघ्यात लोखंड शिरले. डॉक्टरांनी पाय राखला, पण गुडघा पावसात फुगलेल्या दारासारखा झाला आहे. थोडा मुडपतो आणि अडतो. सायकल मारता येत नाही, घोड्यावर मांड बसत नाही. म्हणून मिरजेच्या एका मिस्त्रीकडून मिलिटरीतून निघालेली जुनी मोटारसायकल घेतली. पलटणीत मी निरोप्या होतो, असल्याच फटफटीवर चार वर्षे काढली, तेव्हा यंत्राची भीती नाही. भीती बैठकीची आहे. ही कुणा लांब हातापायांच्या गोऱ्याला बेतलेली. हँडल इतके पुढे, की मी त्यावर ओणवाच होतो. पाय ठेवायच्या दोन लोखंडी दांड्या इतक्या मागे, की डावा गुडघा मुडपावाच लागतो, आणि सहा मैलांत तो पाय मरतो. मग थांबायची वेळ आली, की पाऊल जमिनीला टेकले की नाही हेच कळत नाही. मागे एक रुंद लोखंडी बैठक आहे, त्यावर थर्मास बांधतो. माणूसही बसेल इतकी ती ऐसपैस आहे. यंत्रावर सुखाने बसायची तेवढी एकच जागा, आणि तिथून हँडल धरता येत नाही!

पंधरा ऑक्टोबरला सांगलीहून गुरांचे मोठे डॉक्टर माझे काम पाहायला येणार आहेत. एका दिवसात पाच वाड्या, चाळीस मैल. शेवटच्या वाडीवर थर्मासमध्ये बर्फ असला पाहिजे आणि मी माझ्या पायांवर उभा असलो पाहिजे. जमले तर नोकरी कायम, नाहीतर माझ्या जागी दोन धडक्या पायांचा माणूस येईल. माझी बायको मनुबाई अजून मलकापूरला माहेरीच आहे. नोकरी कायम झाल्याशिवाय तिला इथे आणायचे नाही असे ठरवले आहे. सासऱ्याच्या घरी लंगडा जावई म्हणून चार वर्षे काढली, काकी. पाचवे काढवणार नाही.

आजोबा शिलेदार होते. आबाही चळवळीत भूमिगत असताना कोयनेच्या खोऱ्यात तट्टावर दिवसच्या दिवस हिंडले. दिवसभर बसून पाय मरू नये म्हणून स्वार काय करतो, एवढे त्यांना विचार. पण माझ्यासाठी विचारतेस असे मात्र सांगू नकोस.

तुझी सावली डोक्यावर आहे असे धरून चाललो आहे. ती तशीच राहू दे.

तुझा,
हंबीर


पाटण,
ता. ७ सप्टेंबर १९४९

चि. हंबीररावास अंबूबाईचे अनेक आशीर्वाद. हात लालासाहेबाचा, आशीर्वाद तिचे. लिहिणाऱ्याचा मजकुराशी संबंध नाही, ही तुझीच अट मी मान्य केली आहे.

तरी लिहिणाऱ्याचा एक अधिकार राहतोच. शाई त्याची असते. त्या अधिकारात विचारतो. ज्या साम्राज्याने अर्ध्या जगावर मांड ठोकली, ते उठून गेले आणि आपल्यासाठी मागे काय ठेवून गेले? भंगार! आणि त्या भंगारावर बसायला आमचीच पोरे धावतात! गोऱ्याच्या टांगेला बेतलेली वस्तू तुझ्या टांगेला सलणारच. ही तक्रार यंत्राची नाही, इतिहासाची आहे. दीडशे वर्षे आपण परक्याच्या मापाचा अंगरखा घातला. तो काखेत काचला तर आपल्याला सांगितले गेले, की दोष तुमच्या काखेचा. आता माप बदलायचे की अंग, एवढाच प्रश्न उरला आहे, आणि माझे उत्तर ठाम आहे. अंग बदलायचे नाही. यंत्र ठोका, वाकवा, कापा. स्वतंत्र देशात यंत्राने माणसाच्या मापात आले पाहिजे!

इथवर लिहून झाल्यावर तुझ्या काकीने वाचून दाखवायला सांगितले. ऐकून म्हणाली, की आवं, मी येवडं कवा बोलले? म्हणून मुद्द्यावर येतो.

रिकिबीचे, म्हणजे स्वाराने पाय अडकवायच्या कडीचे, शास्त्र असे आहे. घोड्याशेजारी उभे राहून हात लांब करायचा. बोटांची टोके खोगिराला लागली, की रिकीब बरोबर काखेत आली पाहिजे. पट्ट्याची लांबी तेवढीच. त्याहून आखूड ठेवली तर गुडघा मुडपतो आणि पाय मरतो. तुझे दुखणे नेमके हेच आहे. तेव्हा तिथला लोहार गाठून पाय ठेवायच्या दांड्या हाताच्या मापाने खाली घे. आणि दोन्ही बाजू सारख्या. यात सूट नाही. एक रिकीब लांब आणि एक आखूड ठेवणारा स्वार घोड्याची पाठ फोडतो, असे माझे वडील सांगत. समतेवर मी वीस वर्षे व्याख्याने दिली, तिचा पहिला धडा मला रिकिबीने दिला.

आता काकी सांगते ते तिच्याच शब्दांत. पोरा, पाय लय दुकतो का? सांजच्याला एरंडाचं पान गरम करून बांद. हरणाबाईला माजा रामराम सांग, आन रागावती त्ये बरं करती म्हनावं. तुज्या आबांनी मला तुजं पत्र येकदा वाचून दावलं. आपलं आपुन दोनदा वाचलं.

शेवटचे वाक्य मी गाळणार होतो. पण ती समोर बसून टाक बघते आहे. तिला अक्षर कळत नाही, गाळलेले मात्र कळते.

काकीचा लोभ तुला ठाऊक आहे. लिहिणाऱ्याचा विचारू नये.

लालासाहेब


आटपाडी,
ता. १९ सप्टेंबर १९४९

तीर्थस्वरूप काकीच्या चरणी शि. सा. न.

गुंडा लोहाराने आबांच्या शास्त्राप्रमाणे दोन्ही दांड्या सारख्या खाली घेतल्या. दोन मैल बरे वाटले. मग उजवा पाय गिअरला पुरेना, तो उचलून मारावा लागू लागला. डाव्या पायाखाली ब्रेक असतो, तोही वर राहिला. आणि गुडघा होता तसाच मुडपलेला, कारण दांडी खाली गेली तरी मागची मागेच.

परवाच्या शनिवारी भर बाजारात समोर बैल आडवे आले. थांबलो. डावा पाय खाली टाकला असे मला वाटले. तो टाकलाच गेला नव्हता. फटफटीसकट आडवा झालो. दोनातला एक थर्मास फुटला आणि सगळा बर्फ रस्त्यावर. लोक जमले. एका शेळीने बर्फ चाटून पाहिला आणि तिला तो आवडला, एवढेच त्या दिवसाचे चांगले. नानासोने मला काखेत धरून उठवले. हरणाबाई म्हणाली, की लेकरा, मेंढरू लंगडं झालं म्हून आमी त्येला कळपातनं काडत न्हाई, पर त्येला म्होरंबी घालत न्हाई. ती मायेने म्हणाली, म्हणून जास्त लागले.

नोकरी सोडल्याचा अर्ज लिहून पेटीत ठेवला आहे. अजून टाकलेला नाही.

काकी, एक गोष्ट आठ वर्षे कुणाला सांगितली नाही, ती आज सांगतो. आबा सभेत म्हणाले, की हा इंग्रजाच्या भाकरीला विकला गेला. मी भाकरीसाठी गेलो नव्हतो. इंग्रजासाठी तर नाहीच. त्या साली कराडच्या पुलावरून एक पलटणीचा निरोप्या फटफटीवर गेला. त्याचा आवाज नदीवरून दोन्ही काठांना घुमला. मी अठरा वर्षांचा होतो. मला ती चालवायची होती. एवढेच. हे कारण इतके पोरकट होते, की विकला गेलो असे म्हणवून घेणे मला जास्त अब्रूचे वाटले. आज तीच फटफटी दाराशी उभी आहे आणि मला तिच्यावर बसता येत नाही.

माझी काळजी करू नकोस, असे लिहायची रीत आहे म्हणून लिहितो.

हंबीर


पाटण,
ता. २७ सप्टेंबर १९४९

चि. हंबीररावास अनेक आशीर्वाद. कोणाचे, ते विचारू नये.

तुझे पत्र आले तेव्हा तुझी काकी जात्यावर होती. मी उंबऱ्यावर बसून वाचू लागलो. दोन्ही दांड्या सारख्या खाली घेतल्या, या वाक्याशी आलो आणि जाते थांबले. तिने विचारले, की पोराचा येक गुडगा मोडका, तर दोनी रिकिबी सारक्या कुनी सांगितल्या? मी म्हणालो, की शास्त्र सांगते. ती म्हणाली, की शास्तर गेलं वड्याला, तुमी आदी हितं या.

मी गेलो. तिने मला आपली बैठक दाखवली. एक पाय जात्याच्या कडेने लांब पसरलेला, दुसरा मुडपून अंगाशी घेतलेला, आणि खुंटा असा हाताशी, की कोपर कधी पुरता ताठ होत नाही. म्हणाली, की चाळीस वर्सं मी अशी बसती. दोनी पाय मुडपलं तर कंबर धरती, दोनी पसरलं तर जोर लागत न्हाई. जो पाय दुकतो त्यो पसरायचा, ज्यो धड हाय त्यो मुडपायचा. तुमी दोनी पाय सारकं ठिवून येक शेर दळून दावा, मंग पोराला शिकवा.

मी बसलो. हंबीर, स्त्रीच्या श्रमांवर मी कराडला बोललो, विट्याला बोललो, टाळ्या घेतल्या. त्या भाषणांत जाते हटकून असे. पण त्या जात्यापुढे साठाव्या वर्षी मी पहिल्यांदा बसलो. दोन्ही पाय सारखे मुडपून सात फेरे ओढले आणि कमरेतून अशी कळ आली, की तोंडातून शब्द फुटेना. माझ्या तोंडातून शब्द न फुटण्याचा प्रसंग तुला आठवतो का? तुझ्या काकीलाही आठवला नाही. मग तिने माझा डावा पाय धरून पसरला, मला खुंट्याकडे सरकवले, आणि जाते फिरू लागले. जोर कुठून आला ते कळलेच नाही. तेवढ्यात शेजारची रंगुबाई विस्तव मागायला आली. दारातच थबकली, विस्तव न घेताच परतली, आणि सगळ्या आळीत सांगून आली, की लालासायेब दळाय बसल्यात, अंबूबाईनं असा काय गुना क्येला?

पीठ भरड निघाले. त्या पिठाची भाकरी मीच खाल्ली, दुसऱ्या कुणाला शिक्षा दिली नाही.

तर माझे रिकिबीचे शास्त्र मी मागे घेतो. ते धडधाकट स्वाराचे शास्त्र होते आणि मी ते सगळ्यांचे म्हणून सांगितले. सारखे माप दिले म्हणजे सारखा न्याय झाला, ही माझी चूक. दोन्ही पायांना सारखा आराम मिळाला, की मापे वेगळी झाली तरी ती समताच. हे वाक्य मी पुढच्या सभेत बोलणार आहे, आणि कोणी शिकवले तेही सांगणार आहे.

तुझी माझी उंची एक. पलटणीत जाण्याआधी तू माझीच धोतरे नेसत होतास. म्हणून माझ्या त्या बैठकीवरून तुझ्या काकीने सुतळीवर मापे घेतली. सुतळी पाकिटात घातली आहे. टोकापासून पहिली गाठ म्हणजे मुडपलेल्या टाचेपासून पसरलेल्या टाचेपर्यंतचे अंतर. उजवी दांडी जुन्या जागी ने आणि डावी तिच्यापुढे तेवढी घे. टोकापासून दुसरी गाठ म्हणजे कमरेपासून खुंट्यापर्यंतचे अंतर. हँडल तेवढे जवळ ओढ. डाव्या पायाखालचा ब्रेकही दांडीबरोबर पुढे गेला पाहिजे. हे मला सुचले, तिला नाही. एवढे श्रेय माझ्याकडे राहू दे.

पेटीतला तो अर्ज चुलीत घाल.

तू पलटणीत का गेलास ते वाचले. चावडीपुढे मी तुझ्याबद्दल पाऊण तास बोललो होतो. पाऊण तासात एकदाही थांबून तुला विचारले नाही, की पोरा, तू का जातोस? वक्त्याचा हा रोग आहे. त्याला उत्तरे इतकी पाठ असतात, की प्रश्न विचारायचा राहून जातो. याहून जास्त आज लिहिता येत नाही.

काकी म्हणते, पड पर मोडू नगंस. मी त्यात काही घालत नाही.

लालासाहेब


आटपाडी,
ता. १६ ऑक्टोबर १९४९

तीर्थस्वरूप काकी आणि तीर्थस्वरूप आबा, दोघांच्याही चरणी हंबीररावाचा शि. सा. न. वि. वि.

नोकरी कायम झाली. हे आधी लिहून टाकतो, कारण आबा वाचताना थांबून पाणी पितात आणि काकीचा जीव टांगणीला लागतो.

आता सविस्तर. सुतळी घेऊन गुंडा लोहाराकडे गेलो. त्याने ती भात्याशेजारी खिळ्याला टांगली. जात्याचे माप आहे म्हटल्यावर हसला, मग हसायचा थांबला आणि म्हणाला, की आयला, माजी बायकू रोज म्होरं बसून दळती, मला न्हाई सुचलं. डावी दांडी त्याने पहिल्या गाठीच्या मापाने पुढे नेली, फक्त टाच पुढच्या चाकाला लागू नये म्हणून दोन बोटे कमी ठेवली. ब्रेकचा पाय लांबवला. हँडल खालून सैल करून मागे वळवले, पण पुरेना, तेव्हा तापवून दोन्ही मुठी आत वाकवल्या. आता पाठ सरळ राहते आणि कोपर वाकलेले. बैठकीवर हरणाबाईने लोकरीची जाड घडी शिवून दिली. खड्ड्यातून जाताना पूर्वी दात वाजत, आता फक्त पत्रा वाजतो. उरलेल्या एका थर्मासलाही तिने कोकरांच्या पहिल्या लोकरीचे, म्हणजे जावळाचे, कुंची घातल्यासारखे पांघरूण केले. म्हणाली, की जावळात कोकरू थंडीत मरत न्हाई, तर बरफ उनात कशापायी मरंल?

बारा दिवस रोज थोडे थोडे अंतर वाढवले. आठ मैल, पंधरा, पंचवीस. पहिल्या दिवशी पाय मरण्याची वाट बघत होतो. तो मेला नाही. सातव्या मैलावर तर त्याची आठवणच राहिली नाही, आणि ध्यानात आले तेव्हा एकटाच मोठ्याने हसलो. बांधावरच्या म्हाताऱ्याने रामराम घातला, त्याला वाटले मी त्याला हसलो.

काल डॉक्टर जीप घेऊन माझ्या मागोमाग आले. पाच वाड्या झाल्या. शेवटच्या वस्तीवर ऊन डोक्यावर होते. थर्मास उघडला, आत सुपारीएवढे दोन खडे शिल्लक होते. डॉक्टरांनी बोट घालून पाहिले. मग मला उतरून उभे राहायला सांगितले. मी डावा पाय खाली टाकला आणि चपलेखालचा खडा मला टोचला. काकी, खडा टोचला म्हणून माणसाला इतका आनंद झालेला कुणी पाहिला नसेल. उभा राहिलो तो उभाच राहिलो. डॉक्टरांनी विचारले, की ही बैठक कोणत्या कारखान्याची? वाटेत काही मोडले तर म्हणून गुंडा जीपमध्ये बसून आला होताच. तो म्हणाला, की सायेब, पाटणच्या अंबूबाईची. डॉक्टरांनी ते वहीत टिपून घेतले. त्यांना तो कारखाना वाटला.

मनुबाईला कळवले आहे. ती महिनाअखेरीस येते.

आता एक कोडे. आबांनी पत्रात दोन गाठी लिहिल्या होत्या. सुतळीला गाठी तीन आहेत. तिसरी शेवटाशी, घट्ट आणि बारीक. गुंडाने आणि मी ती जागजागी लावून पाहिली. हँडलला लागेना, चाकाला लागेना. शेवटी नानासोने सहज सुतळीचे टोक मागच्या लोखंडी बैठकीवर धरले आणि सुतळी खाली सोडली. तिसरी गाठ बरोबर तिथे आली, जिथे मागे बसलेल्या माणसाचे पाऊल येईल. माझ्या उंचीच्या माणसाचे. गुंडाने काही न विचारता तिथे दोन्ही बाजूंना दांड्या बसवल्या. सारख्या. त्या माणसाचे दोन्ही गुडघे धड आहेत, असे धरून.

रविवारी, तीस तारखेला, मनुबाईला आणायला मलकापूरला जाणार आहे. तिथून पाटण लांब नाही, तेव्हा आधी एकटाच तिकडे येईन. आबा, तुमचा शब्द तोंड न पाहण्याचा आहे. मागच्या बैठकीवरून पुढच्याचे तोंड दिसत नाही, नुसती पाठ दिसते. शब्दाला धक्का लागत नाही. मी गावाबाहेर पुलाशी समोर बघत थांबेन.

यायचे की नाही ते तुम्ही ठरवा. वाट बघणे माझ्याकडे लागले, ते मी करीन.

आपला,
हंबीर


पाटण,
ता. २२ ऑक्टोबर १९४९, दिवाळीचा पाडवा

चि. हंबीररावास लालासाहेबाचे अनेक आशीर्वाद. या वेळी हातही माझा आणि आशीर्वादही माझे.

तिसरी गाठ मला ठाऊक नव्हती. विचारले तेव्हा तुझी काकी म्हणाली, की तुमी बाजल्यावर पाय सोडून पेपर वाचत व्हता, तवा गुडग्यापासनं टाचंपतुर मोजलं. तिला न वाचता येणाऱ्या पत्रातली मागची बैठक तेवढी तिने ध्यानात ठेवली होती.

आज पाडवा. तिने मला पाटावर बसवले, औक्षण केले, आणि ओवाळणी घालायची वेळ आली तेव्हा मी विचारले, की काय हवे? म्हणाली, की पोराचं त्वांड. तबक खाली ठेवीना. निरांजन विझत आले. मी हो म्हणालो.

त्या लढाईबद्दल मी जे बोललो, त्यातला एक शब्दही मागे घेत नाही. ती आपली नव्हती, आणि तिच्यात आपली पोरे घातली हा गुन्हा होता. पण गुन्हा घालणाऱ्याचा. तो मी अठरा वर्षांच्या पोराच्या माथी मारला. तो शब्द मी मागे घेणार आहे. मात्र पत्रातून नाही. जिथे दिला तिथे, चावडीपुढे, लोक बसलेले असताना, तू समोर असताना. तोवर शब्द हा शब्द आहे. तेव्हा रविवारी तू म्हणतोस तसा पुलाशी समोर बघत थांब. मी मागून येऊन बसेन. चावडीशी उतरेन, बोलायचे ते बोलेन, आणि मग तुझ्याकडे बघेन. भाषण लहान असेल. काकीने जामीन मागितला आहे.

एक अडचण राहते. पुलापासून चावडीपर्यंत पाऊण मैल आहे. आठ वर्षे थांबलो, तेव्हा काही वाटले नाही. या पाऊण मैलात मात्र मला धीर निघणार नाही. म्हणून गुंडाला सांगून हँडलच्या उजव्या मुठीशी एक लहानसा आरसा बसवून घे. मागचा रस्ता दिसण्यासाठी नव्हे. माझ्या शब्दात आरशाचा उल्लेख नव्हता, मी नीट आठवून पाहिले आहे. तो जरा तिरका, मागच्याला पुढचा दिसेल असा वळव.

मनुबाईस आशीर्वाद. हरणाबाईंना आणि गुंडास माझा नमस्कार सांग. आमचा लोभ आता मोकळेपणी विचारलास तरी चालेल.

तुझा,
आबा

ता. क. काकी लिहायला सांगते, की आरशात दोगंबी येकमेकाचं त्वांड बगत बसू नगा, कुनीतरी येकानं रस्त्याकडं बगा.